‘शेत पाहायला येतो’ असा निरोप देण्यापूर्वी

सहलीचा निर्णय एका केळ्यावरून झाला. एकोणनव्वद साल असावं, थंडीचे दिवस. आम्ही जळगावात राहत होतो. रात्रीच्या जेवणात मृणालनं केळं सोलता सोलता विचारलं, "आई, घडातली वरची केळी आधी तयार होतात की खालची?" ती तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय वनस्पतिशास्त्र. मी मधूकडे पाहिलं. मधू म्हणजे माझा नवरा. मी त्याला नावानं हाक मारते आणि त्यावर जळगावात जेवढी चर्चा व्हायची तेवढी होऊन गेलेली आहे. मधू म्हणाला, "सगळी एकदमच होत असतील." सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्या माहेरच्या चोपड्याकडच्या, त्यांना नक्की माहीत होतं. पण त्या लवकर जेवून झोपल्या होत्या.

ज्या जिल्ह्यातून केळ्यांच्या रेल्वे-वाघिणी भरून दिल्लीला जातात, तिथलं शिकलेलं कुटुंब ताटावर बसून एवढं अडाणी? मला संताप आला. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला डॅफोडिल्सवर निबंध लिहायला लावला होता. डॅफोडिल मी आजतागायत पाहिलेलं नाही. मृणालचं तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि ताटावरच जाहीर केलं: येत्या रविवारी सहकुटुंब शेतं पाहायची. सकाळी धरणगावकडे कापूस, दुपारी सावद्याकडे केळी.

"रविवारी मॅच आहे," मधू म्हणाला.

"ती दर रविवारी असते," मी म्हणाले.

आता नियोजनाबद्दल, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी तेवढ्यासाठीच हे पान उघडलं असणार. हल्ली शेतसहलीला गेलं की दारात कुंकू लावतात, बैलगाडीत बसवून फोटो काढतात आणि त्याचे पैसे घेतात. तेव्हा असलं काही नव्हतं. ओळख काढून जावं लागे. धरणगावची ओळख आमच्या दूधवाल्याची, सावद्याची मधूच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची. त्याच्या नात्यातले लीलाधर आबा सावद्यापासून दोन मैलांवरच्या एका गावात केळी लावत. गावाचं नाव मी देणार नाही, कारण पुढे वाचलंत की कळेल.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक सुपरवायझर होते. आबांच्या गावात एकच फोन, तो सोसायटीच्या कचेरीत. गुरुवारी मी घरूनच तो लावला आणि तिथल्या सेक्रेटरीला निरोप सांगितला: "लीलाधर आबांना सांगा, रविवारी बाराच्या सुमाराला आम्ही चौघं शेत पाहायला येतो. मुलगी बरोबर आहे. जेवणाचं काही करू नका."

सेक्रेटरी निरोप लिहू लागला. मग म्हणाला, "मुलगीबी येते?"

"येते. तिच्यासाठीच तर येतोय."

"बरं बरं," तो म्हणाला आणि इतक्या घाईनं फोन ठेवला की मला वाटलं कचेरीला आग लागली.

रविवारी सात वाजता निघालो. गाडी भाड्याची अँबॅसिडर, दिवसाचे दोनशे आणि डिझेल वेगळं. आजचा दर विचाराल तर रडू येईल, म्हणून विचारू नका. पाळधीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे खड्डे एवढे, की गुरुवारपासून माझ्याशी न बोलणाऱ्या अक्का तीन वेळा व्रत मोडून "अगं आई गं" म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी त्यांची मोतिया रंगाची ठेवणीतली साडी नेसली होती आणि नाकात नथ घातली होती. शेतात जाताना नथ कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला कोण काय सांगतं? आपलं आपण समजून घ्यायचं."

मला वाटलं, खड्ड्यांमुळे चिडल्यात.

धरणगावच्या अलीकडे दूधवाल्याच्या ओळखीतल्या दगाभाऊंचं शेत. कापूस फुटलेला, मजुरीच्या बायका रांगेनं वेचत होत्या, कमरेला ओटी बांधलेली. आम्ही चौघं बांधावर उभे राहून पाहू लागलो, तर रांगेतली एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय वो बाई, येचाले उनात का देखाले?"

वेचायला आलात की बघायला, असा प्रश्न होता. त्यातला टोमणा भाषांतराशिवाय कळत होता. मृणाल खाली उतरली. तासाभरात तिच्या बोटांना बोंडांची वाळलेली टोकं लागून ओरखडे उठले आणि ओटीत जेमतेम उशीत भरण्याइतका कापूस जमला. म्हातारीची ओटी तोवर दोनदा भरून रिकामी झाली होती.

"हे सगळं शेत तुमचं?" मृणालनं तिला विचारलं.

"मनं काय शे बाई? बोटं तेवढी मनी. बठ्ठा कापूस मालकना शे." बोटं तेवढी तिची, बाकी सगळा कापूस मालकाचा.

मधूनंही सात बोंडं वेचली आणि कंबर धरून गाडीत जाऊन बसला. दगाभाऊंनी चहा दिला. पैसे घेतले नाहीत, उलट काकड्या दिल्या. जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि कापसात उभं राहून "किती सुंदर दिसतंय" असं म्हणू नका. मी म्हणाले होते. रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या.

उलट फिरून जळगाव, मग भुसावळ, तापीचा पूल आणि फैजपूर. फैजपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली आणि गाडीत एकदम गारवा आला. उन्हाळ्यात या भागात माणूस भाजून निघतो, पण केळीच्या बागेत शिरलं की कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं वाटतं. एक सूचना: जुने कपडे घाला. केळीचा चीक लागला की डाग कपड्याबरोबरच संपतो.

आबांच्या बागेपाशी पोचलो तर चाळीसेक माणसं उभी. बांधावर सतरंज्या, पितळी तांबे, पांढऱ्या टोप्यांची रांग. बायका एका बाजूला, डोक्यावर पदर. मी मधूला म्हणाले, "पाहिलंस? याला म्हणतात खानदेशी आतिथ्य. मुंबईचे तुझे भाऊ आपल्याला पाण्याचा पेला देताना फ्रिज उघडायचा दोनदा विचार करतात."

लीलाधर आबा साठीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी मुलगा किशोर, पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि घामाघूम. बाकीचं सगळं बोलणं आबांच्या बहिणीकडे, कावेरीआत्यांकडे होतं. मी आयुष्यभर टेलिफोनवर माणसांना गप्प केलं आहे. कावेरीआत्यांनी मला अडीच मिनिटांत गप्प केलं.

"पोरगी किती शिकली?"

"बी.एस्सी. यंदा होईल."

"सैपाक येतो का तिले?"

"नाही," मी अभिमानानं म्हणाले.

आत्या मागे वळून बायकांना म्हणाल्या, "खरं बोलनारी बाई हाये व माय. मागचे तर पोरगी मांडे करते म्हने."

कोण मागचे, हे मी विचारलं नाही. मला वाटलं मागे कुणी पाहुणे आले असतील. खरंच आले होते.

मृणाल तोवर किशोरबरोबर बागेत शिरली होती. मी मागे गेले. वीस वर्षांच्या मुलीच्या मागे आई जातेच, त्यात वाईट काही नाही. बाग हिरवीगार, घड लोंबलेले, पण जमीन वरून कोरडी, पांढरी पडलेली. बाकीच्यांच्या बागांत पाणी नेणारे दांड वाहत होते. इथले दांड बुजवून टाकलेले. जमिनीवर काळ्या नळ्या पसरलेल्या आणि प्रत्येक झाडाशी एक तोटी थेंब थेंब टपकत होती. ठिबक आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा त्या गावात हा पहिलाच आणि गावाच्या मते पहिलाच वेडा.

"वरची फणी आधी तयार होते," किशोरनं मृणालला सांगितलं. आमच्या जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न अर्ध्या वाक्यात मिटला. मग तो नळ्यांबद्दल बोलू लागला आणि त्याचा घाम वाळला. पाणी किती वाचतं, घड किती भरतो, विहीर उन्हाळ्यात कशी टिकते. मृणाल गुडघ्यावर बसून थेंब मोजत होती.

"मग लोक वेडा का म्हणतात?"

"वाहतं पाणी दिसत नाही ना. मागे दोघं येऊन पाहून गेले. बांधावरून पाहिलं, कोरडं दिसलं, परत गेले. बाहेर सांगितलं, आबांच्या बागेले पाणी नाही."

"तुम्ही खणून का नाही दाखवलं?"

"आपण होऊन नसतं दाखवायचं. येणाऱ्यानं पाहायचं असतं." त्यानं एक तोटी बोटानं पुसली. "आबांनी सांगून ठेवलंय, हे तिसरं. आजही कोरडं म्हणून कोणी परत गेलं, तर उद्या नळ्या गुंडाळायच्या अन् दांड पुन्हा काढायचे. तीन वर्षं लागली मले हे उभं करायले."

मी समजले, शेतकी खात्याची माणसं पाहायला येत असावीत. मी त्या खात्यावर मनातल्या मनात चिडूनही घेतलं. मृणाल म्हणाली, "मग मी खणते की," तेवढ्यात बांधावरून हाक आली.

तिकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. ती हिरवी, जाड, हातभर वांगी खानदेशाबाहेर मिळत नाहीत आणि मिळाली तरी तशी लागत नाहीत. बडगीत, म्हणजे लांबट लाकडी भांड्यात, लसूण, मिरची आणि वांगी बडवण्याचा आवाज येत होता. बाजूला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळत होत्या. आबा मधूसमोर हात जोडून म्हणाले, "जेवणाचं नको म्हणून तुमचा निरोप होता. रीतच हाये ती. हे आमच्या घरच्यांसाठी. तुमच्यासाठी चहा ठेवतो."

मधूनं तो वास घेतला. "छे छे!" तो म्हणाला. "जेवल्याशिवाय आम्ही हलणारच नाही."

मग आबांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली, कावेरीआत्यांनी पदरानं डोळे टिपले आणि बायकांमध्ये कुणीतरी हसून ओरडलं. एका वांग्याच्या भरतासाठी एवढा गहिवर मी कधी पाहिला नव्हता. मधूनं तीनदा भरीत घेतलं. मी दोनदा. दर वाढणीला टोप्या एकमेकींकडे पाहून हलत होत्या. अक्का मात्र पुरीचा एकच तुकडा चघळत बसल्या होत्या.

हात धुऊन येतो तर कावेरीआत्या ताट घेऊन उभ्या. ताटात नारळ, हिरवं लुगडं, तांदूळ, कुंकू. "पोरीले पाटावर बसवा," त्या म्हणाल्या.

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का हळूच म्हणाल्या, "ओटी भरताहेत. ठरलं ना आता."

"काय ठरलं?"

"माझ्याशी काय वेड पांघरतेस? गुरुवारी माझ्या कानांनी ऐकलं मी. शेत पाहायला येतो, मुलगी बरोबर आहे, जेवण नको. शेत पाहायला कोण जातं? मुलीकडचे जातात, जावयाची जमीन पाहायला. पसंत पडेपर्यंत त्या घरचं जेवत नाहीत. माझ्या नातीचं लग्न काढलं अन् मला साधं विचारलं नाही. म्हणून बोलत नव्हते मी."

"तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही नथ घालून आलात?"

"मग काय बिननथीची येऊ?"

मधूकडे पाहिलं. त्याच्या मिशीला भरीत लागलेलं होतं.

लाज मला पटकन वाटत नाही, पण तेव्हा वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो. कावेरीआत्यांवर ओरडावंसं वाटलं, सेक्रेटरीवर, अक्कांवर. पण ती तिन्ही वाक्यं मीच उच्चारली होती, माझ्याच स्वच्छ आवाजात. म्हणून मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की चूक माझी. आम्ही सहलीला आलो होतो. मुलीला केळीची बाग दाखवायची होती. लग्नाचं आमच्या मनातही नाही, तिला पुढे एम.एस्सी. करायचं आहे. तुमचं मन दुखावलं, मला माफ करा.

कुणीही रागावलं नाही. ते फार वाईट होतं. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे, नथूनाना त्यांचं नाव, नुसते हसले. "चांगलं बोलतात शहरातले लोकं," ते म्हणाले. "मागचेबी असेच म्हने, पोरगी लहान हाये. त्याच्या मागचे म्हने, पत्रिका जुळत नाही. पाणी नाही असं तोंडावर कोन म्हनते?"

"अहो, खरंच सहलीला आलो होतो!"

"अन् तीनदा भरीत खाल्लं," नथूनाना म्हणाले.

आबा किशोरकडे वळले. आवाज चढवला नाही. "उद्या गोळा कर नळ्या."

किशोरनं मान हलवली. इस्त्रीच्या शर्टातला तो मुलगा चाळीस माणसांसमोर उभा होता आणि पायाजवळच्या तोटीतून पाणी टपकत होतं, टप, टप, त्याला ऐकू जाईल एवढं. मी मुलीला कापूस आणि केळी दाखवायला निघाले होते आणि दुपारी तीनपर्यंत एकाची तीन वर्षं बुडवून बसले होते.

"थांबा," मृणाल म्हणाली. "मला फावडं द्या."

कावेरीआत्या म्हणाल्या, "कशाले व बाई?"

"खणून बघायचंय."

"खणून पाहायचा हक्क मुलीकडच्यांचा असते. तू तर मुलीकडची नाही म्हने तुझी माय."

"ओटीचं ताट अजून तुमच्या हातात आहे," मृणाल म्हणाली. "ते घरात जाईपर्यंत मी मुलीकडची."

बायकांमध्ये कुजबुज झाली. कावेरीआत्यांनी माझ्या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "किशोर, फावडं दे तिले."

जेमतेम उशीभर कापूस वेचलेल्या बोटांनी तिनं फावडं धरलं. पहिल्या घावाला धूळ उडाली. नथूनाना खोकले. दुसऱ्या घावाला माती काळी झाली. हातभर खाली गेली तेव्हा फावड्याला माती चिकटू लागली. तिनं फावडं टाकलं, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती काढली आणि चक्क नथूनानांच्या धोतरावर ठेवली.

"दाबून बघा," ती म्हणाली.

नथूनानांनी ती दाबली. गोळा झाला. त्यांनी तो वर उडवला, झेलला. फुटला नाही. शेजारच्याच्या हातात दिला, त्यानंही उडवला. मग टोप्यांची रांग मोडली. तीन वर्षं त्या बागेला बांधावरून नावं ठेवणारी माणसं धोतरं सावरत खाली वाकली. एकानं दुसऱ्या झाडाशी हातानंच उकरलं, तिथंही तेच. माती हातोहात फिरत होती.

"पाणी तर हाये," नथूनाना शेवटी म्हणाले. ते आबांना म्हणाले नाहीत, किशोरलाही नाही. जणू खड्ड्यालाच सांगत होते.

आबांनी खड्ड्यात बराच वेळ पाहिलं. मग किशोरला म्हणाले, "उद्या राहू दे." एवढंच. राहू दे म्हणजे कायमचं की परवापर्यंत, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

मृणालनं हात धुतले, आत्यांसमोर जाऊन उभी राहिली. "शेत पसंत आहे," ती म्हणाली. "मी मात्र शिकणार आहे. आता ताट घरात न्या."

"अन् मुलगा?" आत्यांनी विचारलं.

"त्याच्याकडे बघायला वेळ कुठे मिळाला?"

किशोर त्या दिवसात पहिल्यांदा हसला. कावेरीआत्यांनी नारळ उचलून माझ्या ओटीत टाकला. "बाहेर काढलेला नारळ परत घरात नेत नाहीत. अन् बाई, पुन्हा फोन कराल तं काय पाहायले येता ते नीट सांगजा."

परत येताना तापीच्या पुलावर अक्का म्हणाल्या, "वीस एकर बागायत होती." थोड्या वेळानं मधू म्हणाला, "भरीत काय होतं!" मृणाल नखांतली माती काडीनं काढत होती. मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि स्वतःशीच चरफडत होते, की एवढी शिकलेली बाई, तीन वाक्यांचा निरोप आणि तिन्ही वाक्यं चुकीची.

जाणार असाल तर हा मार्ग एका दिवसात होतो. थंडीत जा. दोन्ही शेतं एकाच दिवशी करण्याचा हट्ट धरू नका, धरणगाव-सावदा म्हणजे जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. मुलगी लग्नाची असेल तर निरोपात तिचा उल्लेख टाळा. आणि जेवणाचा आग्रह झाला तर अक्कांसारखं एखादं माणूस बरोबर ठेवा, शक्य तर बोलणारं.

त्या सहलीतून माझ्याकडे काय उरलं, तर एक चीड उरली. स्वतःवरची निम्मी ओसरली, त्या बांधावरच्या माणसांवरची अजून आहे. पाणी एक हात खाली होतं. तीन वर्षं होतं. चाळीस जणांत एकालाही वाकावंसं वाटलं नाही, आणि वाकायला लावलं कुणी, तर सकाळी कापसात बोटं ओरबाडून घेतलेल्या मुलीनं. मृणालनं पुढे एम.एस्सी. केलं. मातीत हात घालायची सवय तिला तिथूनच लागली, असं ती म्हणते. मी म्हणते, माझ्या चुकीच्या निरोपातून.

उन्हाळा लागता लागता पोस्टानं एक लग्नपत्रिका आली. किशोरची. मुलगी यावलकडची. पाकिटावर आमचं नाव आणि त्याखाली कंसात लिहिलं होतं, ‘मुलीकडचे, आधीचे’. आत पत्रिकेच्या कोपऱ्यात कावेरीआत्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या तीन ओळी होत्या:

‘तो खड्डा आबांनी बुजू दिला नव्हता. यावलच्या पाहुण्यांनी हात घालून पाहिलं, मग बुजवला. सर्वांनी जेवायला या, आता त्याचा काही अर्थ निघणार नाही.’